वनस्पतीच्या ऊतींत अँटिबॉडी भलतीकडेच चिकटते तेव्हा: क्रमाने तपासणी आणि उपाय

पेशीभित्तिका नको तिथे उजळली की प्रयोगशाळेत पहिला उपाय ठरलेला असतो: ब्लॉकिंग वाढवा, म्हणजे ऊतीतल्या चिकट जागा आधीच साध्या प्रथिनाने झाका. ३ टक्के बीएसएचं (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) ५ होतं, ५चं १० होतं, मग दूध पावडर येते, आणि भित्तिका आपली उजळतच राहते. वनस्पतीत भलता सिग्नल येण्याची निदान सहा-सात वेगवेगळी कारणं आहेत आणि त्यातली बहुतेक बीएसएला दाद देत नाहीत.

म्हणून खालचा क्रम निदानाचा आहे. आधी अँटिबॉडीविना ऊती, मग फक्त सेकंडरी (प्रायमरीला धरणारी, डाय लावलेली दुसरी अँटिबॉडी), मग प्री-इम्यून सीरम (त्याच प्राण्याचं, टोचण्याआधी घेतलेलं), आणि सगळ्यात शेवटी खरी प्रायमरी (तुमच्या प्रथिनाला ओळखणारी). प्रत्येक पायरीवर एक कारण वगळायचं, ते वगळल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. जे उलट्या दिशेने जातात, म्हणजे प्रायमरीचं डायल्युशन बदलत बसतात, त्यांची व्हायल संपते आणि प्रश्न तसाच राहतो.

मजकूर फ्लुरोसन्स स्टेनिंग गृहीत धरून लिहिला आहे. एचआरपी हे एन्झाइम आणि त्याने तपकिरी होणारं डॅब वापरणाऱ्यांसाठी टप्पा ५मध्ये वेगळा भाग आहे. तो वाचून बहुधा तेही फ्लुरोसन्सकडे वळतील.

## टप्पा १: व्हायल उघडण्यापूर्वी

डेटाशीटवर पाच गोष्टी शोधा: अँटिबॉडी कोणत्या प्राण्यात बनवली, मोनोक्लोनल (एकाच प्रकारची) की पॉलिक्लोनल (मिश्र), आयसोटाइप (आयजीजी, आयजीएम, आयजीए असा वर्ग) कोणता, कच्चं सीरम आहे की ॲफिनिटी-शुद्ध, आणि इम्युनोजेन, म्हणजे प्राण्याला टोचलेला पदार्थ, नेमका काय होता. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच वाचली जात नाही.

इम्युनोजेन पेप्टाइड असेल तर त्याचा क्रम तुमच्या वनस्पतीच्या संपूर्ण प्रोटिओमवर (सगळ्या प्रथिनांच्या संचावर) ब्लास्ट करा, म्हणजे क्रम जुळवणाऱ्या त्या प्रोग्रॅमने ताडून पाहा. इथे एक नेहमीची चूक होते. ब्लास्टची नेहमीची सेटिंग लांब क्रमांसाठी असते. १५ अमिनो आम्लांचा तुकडा टाकला की 'काहीच जुळलं नाही' असं उत्तर येतं आणि माणूस निर्धास्त होतो. लहान क्रमांसाठीचा पर्याय निवडा, ई-व्हॅल्यूची मर्यादा वाढवा आणि लो-कॉम्प्लेक्सिटी फिल्टर बंद करा. सलग ६ ते ८ अमिनो आम्लं जुळणारं दुसरं प्रथिन सापडलं तर ते संशयितांच्या यादीत घाला. वनस्पतींत जनुकांची कुटुंबं मोठी असतात. अरॅबिडॉप्सिससारख्या छोट्या जीनोममध्येही अल्फा-ट्युब्युलिनची ६ आणि बीटा-ट्युब्युलिनची ९ जनुकं आहेत. 'एकाच सदस्याला ओळखणारी' अँटिबॉडी हा दावा तुमच्या जातीत तपासल्याशिवाय मान्य करू नका.

इम्युनोजेन ई. कोलायमध्ये बनवलेलं प्रथिन असेल तर त्याच्यासोबत जीवाणूची शॅपरोन (घडी घालायला मदत करणारी) प्रथिनं थोडी का होईना येतात आणि सशाचं शरीर त्यांच्याविरुद्धही अँटिबॉडी बनवतं. ई. कोलायच्या ग्रोईएलचा जवळचा नातेवाईक हरितलवकात बसलेला असतो, सीपीएन-६०. डीएनएकेचे नातेवाईक म्हणजे एचएसपी-७० तर सगळीकडेच. तेव्हा कच्च्या सीरमने हरितलवकं छान उजळली म्हणून तुमचं प्रथिन तिथे आहे असं लगेच लिहू नका.

इम्युनोजेन वनस्पतीतूनच शुद्ध केलेलं ग्लायकोप्रोटीन असेल तर लाल पेनाने खूण करा. कारण टप्पा ६मध्ये येईल.

आता स्लाइडची यादी. यातली एकही 'पुढच्या वेळी करू' म्हणून सोडू नका:

१. सगळे वॉश आणि ब्लॉकिंग झालेली, पण एकही अँटिबॉडी नसलेली
२. फक्त सेकंडरी
३. प्री-इम्यून सीरम आणि सेकंडरी
४. म्यूटंट ऊतीवर (जिच्यात ते प्रथिन बनत नाही) प्रायमरी आणि सेकंडरी
५. वाइल्ड टाइपवर (मूळ, न बदललेल्या वनस्पतीवर) प्रायमरी आणि सेकंडरी
६. खात्रीची अँटिबॉडी, उदाहरणार्थ उंदराची अल्फा-ट्युब्युलिनविरोधी बी-५-१-२, तिच्या योग्य अँटि-माउस सेकंडरीसह

सहावी स्लाइड चालली नाही तर बाकीच्या पाचांचा अर्थ लावू नका. तिथे फिक्सेशन (प्रथिनं जागच्या जागी पक्की करणं) किंवा अँटिबॉडी आत शिरण्यातच गडबड आहे.

## टप्पा २: नमुना आणि फिक्सेशन

४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड ताजं बनवा: ४ ग्रॅम पावडर सुमारे ८० मिलि पाण्यात, ६० अंश से.पर्यंत गरम, १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचे काही थेंब, द्रावण निवळलं की थंड करून बफर घाला, पीएच ६.९ ते ७.० करा आणि १०० मिलिपर्यंत भरा. सगळं फ्यूम हूडमध्ये. पेशीकंकाल पाहायचा असेल तर पीबीएसऐवजी पेम बफर वापरा: ५० मिलिमोलर पाइप्स, ५ मिलिमोलर ईजीटीए, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट.

तुकडे ३ ते ५ मिमीपेक्षा मोठे नकोत. फिक्सेटिव्हमध्ये ०.१ टक्के ट्रायटन घाला आणि व्हॅक्यूम द्या: १० मिनिटं, हवा हळूच सोडा, असं तीनदा. तपासा: तुकडे तळाशी बसले का? तरंगणाऱ्या तुकड्याच्या आत हवा आहे, म्हणजे फिक्सेटिव्ह पोचलेलं नाही. अशा तुकड्याच्या मध्यभागी प्रथिनं जागा सोडून वाहतात आणि भलत्याच अवयवावर जाऊन बसतात. अँटिबॉडी निर्दोष असली तरी चित्र खोटं येतं.

मुळांना १ ते २ तास पुरतात. पानांना ४ अंशांवर रात्रभर ठेवा. ग्लुटाराल्डिहाइड टाळा. तो स्वतः ऊतीला चमक देतो आणि मोकळे आल्डिहाइड गट मागे ठेवतो, ज्यांना कुठलीही अँटिबॉडी सहसंयुज बंधाने चिकटते. पॅराफॉर्मल्डिहाइडनंतरही थोडे गट उरतातच, म्हणून १०० मिलिमोलर ग्लायसिनमध्ये ३० मिनिटं ठेवायला विसरू नका. सोडियम बोरोहायड्राइड (पीबीएसमध्ये ०.१ टक्के, ताजं, १० मिनिटं) जास्त प्रभावी, पण बुडबुडे येऊन सेक्शन सुटतात. त्यातून हायड्रोजन निघतो, तेव्हा झाकण घट्ट लावू नका.

मुंबईतल्या प्रयोगशाळांसाठी चार गोष्टी.

प्रोटोकॉलमधलं 'रूम टेंपरेचर' म्हणजे २० ते २५ अंश. एसी बंद असलेल्या खोलीत मे महिन्यात ३२-३३ अंश सहज असतात. एन्झाइमने भित्तिका पचवणं तिथे लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर होतं आणि पॅराफिनची रिबन दबते. इन्क्युबेटरचं तापमान ठरवून घ्या, खोलीच्या भरवशावर राहू नका.

पावसाळ्यात बाहेरून आणलेल्या पानांवर बुरशीचे तंतू आणि बीजाणू असतातच. ते स्वतः चमकतात आणि अँटिबॉडीही धरतात. फिक्सेशनपूर्वी ०.०५ टक्के ट्वीनच्या पाण्याने पान हलकेच धुवा. पीबीएसची बाटलीही जुलैत लवकर गढुळते. छोट्या बाटल्यांत ऑटोक्लेव्ह करून ठेवा.

तिवराची पानं हवी असतील तर ती तोडण्यापूर्वी वन विभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी लागेल. ती मिळाल्यावर फिक्सेटिव्हची बाटली घेऊन लोकलमध्ये चढू नका. फांदी ओल्या कागदात गुंडाळून बर्फाच्या पेटीतून आणा आणि प्रयोगशाळेत पोचल्याबरोबर फिक्स करा. तिवर, आंबा, चिंच अशा टॅनिन-फिनॉलवाल्या पानांसाठी फिक्सेटिव्ह आणि ब्लॉकिंग दोन्हींत १ ते २ टक्के पीव्हीपी (फिनॉल धरून ठेवणारं पॉलिमर) घाला. फिनॉल प्रथिनांना पकडतात आणि अँटिबॉडी हेही प्रथिनच आहे.

चौथं, म्यूटंट आणि वाइल्ड टाइप एकाच दिवशी, एकाच फिक्सेटिव्हमध्ये, एकाच व्हॅक्यूमखाली घ्या. मंगळवारचा म्यूटंट आणि शुक्रवारचा वाइल्ड टाइप यांची तुलना होत नाही.

## टप्पा ३: अँटिबॉडी आत जाते का

पेशीभित्तिकेची छिद्रं साधारण ३.५ ते ५ नॅनोमीटरची. आयजीजी सुमारे १५० किलोडाल्टनची, आकाराने १० नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे न पचवलेल्या भित्तिकेतून ती आत जातच नाही. अख्ख्या मुळाच्या स्टेनिंगमध्ये कापलेल्या टोकालाच सिग्नल दिसतो आणि त्याला 'ऊतीविशिष्ट' म्हटलं जातं, ते यामुळे.

सेक्शन १० मायक्रॉनपेक्षा पातळ असतील तर बहुतेक पेशी कापलेल्याच असतात, एन्झाइम लागत नाही. अख्ख्या मुळांसाठी १ ते २ टक्के ड्रिसलेज किंवा सेल्युलेज-पेक्टोलायेज मिश्रण, पीएच ५.५, ३७ अंश, २० ते ३० मिनिटं. मग ०.५ टक्के ट्रायटन किंवा १० टक्के डीएमएसओमध्ये एनपी-४०.

सावधान. हे एन्झाइम बुरशीपासून काढलेले कच्चे अर्क असतात. त्यात प्रोटिएज (प्रथिनं कापणारे एन्झाइम) असतात, शिवाय बुरशीची ग्लायकोप्रोटीनं ऊतीवर बसतात. प्रोटिएज थांबवायला १ मिलिमोलर पीएमएसएफ घाला आणि नंतर निदान पाच वॉश द्या. आणखी एक फसवणूक लक्षात ठेवा: एन्झाइमनंतर भित्तिकेवरचा भलता सिग्नल गेला म्हणजे क्रॉस-रिॲक्टिव्हिटी (अँटिबॉडीने भलत्याच रेणूला ओळखणं) गेली असं नाही. जिला अँटिबॉडी चिकटत होती ती भित्तिकाच विरघळली आहे.

## टप्पा ४: काहीही न लावलेली स्लाइड

ही स्लाइड पुढच्या प्रयोगात वापरणार त्याच लेसरवर, त्याच गेनवर, सगळ्या चॅनेलमध्ये बघा. नुसती डोळ्यांनी बघून 'काळी आहे' म्हणू नका.

लिग्निन अतिनील आणि निळ्या प्रकाशात निळसर-हिरवं चमकतं, म्हणजे नेमकं एफआयटीसी या हिरव्या डायच्या जागी. हरितद्रव्य ६५० नॅनोमीटरच्या पुढे लाल, म्हणजे सीवाय-५ आणि अलेक्सा-६४७च्या जागी. गवतवर्गी पिकांच्या भित्तिकेतलं फेरुलिक आम्ल उदासीन पीएचला निळं आणि अल्कलीत हिरवं होतं, त्यामुळे माउंटिंग माध्यम बदललं की चित्र बदलतं. हळदीच्या कंदावर काम करत असाल तर हिरवा चॅनेल कुर्क्युमिनला देऊन टाका, तिथे भांडण्यात अर्थ नाही.

हिरव्या पानासाठी साधारणपणे नारिंगी पट्टा बरा, म्हणजे सीवाय-३ किंवा अलेक्सा-५६८. हरितद्रव्य इथेनॉलच्या मालिकेत धुऊन काढता येतं. थंड मिथेनॉल जास्त वेगाने काढतो, पण काही एपिटोपही (अँटिबॉडी जिथे धरते त्या जागा) घेऊन जातो. लिग्निनची चमक स्टेनिंगनंतर ०.०५ टक्के टोल्युडिन ब्लूमध्ये ५ ते १० मिनिटं ठेवून दबते. मात्र टोल्युडिन ब्लू स्वतः दूरच्या लाल पट्ट्यात चमकतो, तेव्हा तो चॅनेल सोडा.

तपासा: कॉन्फोकलवर लॅम्बडा स्कॅन घ्या, म्हणजे तरंगलांबीनुसार उत्सर्जन मोजा. डायचं उत्सर्जन अरुंद, ठरावीक शिखराचं येतं. ऊतीची स्वतःची चमक पसरट येते. दोन मिनिटांत उत्तर मिळतं, तरी ही सोय असलेल्या मायक्रोस्कोपवरही फार कमी जण वापरतात.

## टप्पा ५: फक्त सेकंडरी

पहिली स्लाइड स्वच्छ आणि दुसरी उजळलेली, तर दोष प्रायमरीकडे नाही. कारणं या क्रमाने तपासा.

गुठळ्या. सेकंडरी जुनी असेल तर कण जमतात आणि स्लाइडवर चांदण्या पडल्यासारखे ठिपके दिसतात. वापरण्यापूर्वी १०,००० जी-वर १० मिनिटं फिरवा आणि वरचाच भाग घ्या. हे दर वेळी करा.

ब्लॉकिंगचाच दोष. सेकंडरी अँटि-गोट किंवा अँटि-शीप असेल तर बीएसए आणि दूध दोन्ही बाद. दोन्हींत गाईचं आयजीजी असतं, आणि शेळी, मेंढी, गाय यांची आयजीजी एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत की सेकंडरी सरळ ब्लॉकिंगच्या थरालाच चिकटते. इथे ब्लॉकिंग जितकं वाढवाल तितकं बॅकग्राउंड वाढेल. सेकंडरी ज्या प्राण्यात बनली त्याचं ५ टक्के नॉर्मल सीरम वापरा.

लेक्टिन. हे प्राण्यांच्या ऊतींवर शिकलेल्यांच्या ध्यानातच येत नाही. आयजीजीच्या एफसी (शेपटीच्या) भागावर साखळीसारखी शर्करा असते. शेंगावर्गी बियांत शर्करा पकडणारी लेक्टिन खच्चून भरलेली असतात. वालाचं लेक्टिन मॅनोज-ग्लुकोज ओळखतं, तसंच जॅक बीनमधलं कॉनकॅनाव्हॅलिन-ए. ती आयजीजीला त्या साखरेवरून पकडतात, अँटिजेनशी काही संबंध नसताना. कुळथाचं लेक्टिन मात्र एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसमाइन शोधतं, जे आयजीजीच्या नेहमीच्या शर्करेवर नसतं. त्यामुळे वालाच्या बीत दिसणारा गोंधळ कुळथात दिसलाच पाहिजे असं नाही.

चाचणी सोपी आहे: ब्लॉकिंग आणि अँटिबॉडी दोन्ही बफरांत ०.२ मोलर मिथाइल-अल्फा-डी-मॅनोपायरॅनोसाइड घालून शेजारी एक स्लाइड करा. चमक कमी झाली तर लेक्टिनच. मग साखर कायम ठेवा किंवा एफसी नसलेली एफ(एबी)२ सेकंडरी घ्या. वनस्पतींत एफसी रिसेप्टर नसतात, तेव्हा त्यांच्या नावाने विकलं जाणारं ब्लॉकर इथे विकत घेऊ नका.

विद्युतभार. भित्तिकेतलं पेक्टिन ऋणभारित असतं. वॉश आणि अँटिबॉडीच्या बफरात मीठ ३०० मिलिमोलरपर्यंत वाढवा, गरज पडली तर ५००. कमकुवत पकडीची खरी अँटिबॉडीही यात सुटू शकते, म्हणून सहावी स्लाइड त्याच मिठात करून पाहा.

स्लाइड वाळणं. सेक्शनच्या कडेला तेजस्वी पट्टी आणि मध्यभागी ठीक, तर द्रावण सुकलं. ह्युमिड चेंबर एसीच्या झोताखाली ठेवलेला असतो, बाहेर ८५ टक्के आर्द्रता असली तरी आत स्लाइड वाळते. झाकण घट्ट बसवा, कागद ओला ठेवा.

दुहेरी स्टेनिंगमध्ये उंदीर आणि रॅट ही जोडी टाळा. दोघांचं आयजीजी इतकं सारखं की साधी अँटि-माउस रॅटच्या अँटिबॉडीलाही धरते. टाळता येत नसेल तर दुसऱ्या प्राण्याच्या सीरमवर शोषून घेतलेली सेकंडरीच मागवा, आणि ऑर्डर देताना कोणत्या प्राण्यांवर शोषलेली आहे ती यादी वाचा.

### एचआरपी, बायोटिन आणि फॉस्फेटेज

एचआरपी हे मुळात मुळ्याच्याच कुळातल्या हॉर्सरॅडिश या वनस्पतीच्या मुळातलं एन्झाइम आहे. वनस्पतीच्या भित्तिकेत, विशेषतः वाहिन्या आणि जखमेच्या जागी, स्वतःचे पेरॉक्सिडेज भरपूर असतात. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने त्यातले काही मरतात, सगळे मरत नाहीत. वापरायचंच असेल तर एकही अँटिबॉडी न लावता फक्त डॅब घातलेली स्लाइड आधी करा. ती तपकिरी झाली तर तिथेच थांबा. धुण्याच्या बफरात सोडियम अझाइड असेल तर उलट एचआरपीच मरतं, तेही पाहा.

बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिन पद्धतीत लवकांमधला ॲसेटिल-कोए कार्बोक्सिलेज आणि मायटोकॉन्ड्रियातला मिथाइलक्रोटोनिल-कोए कार्बोक्सिलेज हे दोन्ही बायोटिनधारी एन्झाइम आयते उजळतात. ॲव्हिडिन तर त्याहून वाईट, ते धनभारित आहे आणि त्याच्यावर शर्कराही आहेत, म्हणजे पेक्टिन आणि लेक्टिन दोन्हींना चिकटतं. अल्कलाइन फॉस्फेटेज वापरताना लेव्हामिसोलवर विसंबू नका. त्याने प्राण्यांच्या काही ऊतींतला फॉस्फेटेज दबतो, वनस्पतीच्या फॉस्फेटेजसाठी तो उपाय नाही.

## टप्पा ६: प्री-इम्यून आणि शर्करेचा घोळ

सेकंडरी स्वच्छ, प्री-इम्यून उजळलेलं: हे सशांच्या सीरममध्ये फार वेळा होतं. ससा जन्मभर गवत आणि पाला खातो, त्याच्या रक्तात पेक्टिन-झायलनसारख्या भित्तिकेच्या घटकांविरुद्ध अँटिबॉडी इंजेक्शनच्या आधीपासून असतात. नवीन अँटिबॉडी बनवून घेत असाल तर चार-पाच सशांचं प्री-इम्यून तुमच्या ऊतीवर आधी तपासा, आणि ज्याची स्लाइड सगळ्यात काळी त्यालाच निवडा. नंतर पैसे घालून हे दुरुस्त होत नाही.

तुलना डायल्युशनची करू नका, आयजीजीच्या प्रमाणाची करा. कच्च्या सीरममध्ये मिलिलिटरला काही मिलिग्रॅम आयजीजी असतं, ॲफिनिटी-शुद्ध व्हायलीत बहुतेकदा ०.२ ते १ मिलिग्रॅम. दोन्ही १:२०० केलं तर प्री-इम्यूनवर अन्याय होतो. दोन्ही १ ते ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिवर आणा. प्री-इम्यून मिळत नसेल तर विकतचं रॅबिट आयजीजी चालवून घेतात, पण ते दुसऱ्या सशाचं, दुसऱ्या चाऱ्यावरचं. कामचलाऊ समजा.

आता शर्करा. वनस्पतीच्या एन-ग्लायकनवर बीटा-१,२ झायलोज आणि गाभ्यातला अल्फा-१,३ फ्युकोज असतो. सस्तन प्राण्यांत हे नसतं, म्हणून सशाला ते परकं वाटतं आणि जोरदार प्रतिसाद येतो. वनस्पतीतून शुद्ध केलेलं ग्लायकोप्रोटीन टोचलं की सीरम तुमच्या प्रथिनाला ओळखो न ओळखो, स्रावमार्गावरच्या शेकडो ग्लायकोप्रोटीनांना ओळखतं. एचआरपीविरोधी अँटिबॉडीही याच कारणाने वनस्पतीत सगळीकडे चिकटते.

ओळखायची खूण: गॉल्जीचे ठिपके, रिक्तिका आणि भित्तिका एकदम उजळतात, आणि वेस्टर्नवर (जेलवर आकारानुसार वेगळ्या केलेल्या प्रथिनांना अँटिबॉडी लावून पाहण्याची चाचणी) एक पट्टी न येता वरपासून खालपर्यंत पट्ट्यांची शिडी येते.

पेरिआयोडेट चाचणी, स्लाइडवर:

१. ५० मिलिमोलर सोडियम ॲसिटेट, पीएच ४.५, यात स्लाइड ५ मिनिटं.
२. त्याच बफरात १० मिलिमोलर सोडियम मेटापेरिआयोडेट, अंधारात, १ तास, २५ अंशांच्या आसपास. शेजारच्या स्लाइडला पेरिआयोडेटशिवाय तेच बफर.
३. ॲसिटेट बफरने दोनदा धुवा.
४. पीबीएसमध्ये ५० मिलिमोलर सोडियम बोरोहायड्राइड, ३० मिनिटं. ही पायरी गाळली तर शर्करा तुटून तयार झालेल्या आल्डिहाइड गटांवर अँटिबॉडी चिकटेल आणि बॅकग्राउंड आधीपेक्षा वाढेल. 'पेरिआयोडेटने काही होत नाही' म्हणणाऱ्यांनी बहुधा हीच गाळलेली असते.
५. पीबीएसचे तीन वॉश, मग नेहमीचं ब्लॉकिंग आणि स्टेनिंग.

तपासा: ट्युब्युलिनची स्लाइड पेरिआयोडेटनंतरही तशीच दिसली पाहिजे. तीही विझली तर तुम्ही शर्करा नव्हे, ऊतीच मारली आहे. ५ मिलिमोलरवर या. ट्युब्युलिन टिकलं आणि तुमचा सिग्नल गेला, तर तो शर्करेचा होता.

याहून झटपट मार्ग: प्रायमरीत ०.५ ते १ मिलिग्रॅम प्रति मिलि एचआरपी घालून १ तास ठेवा आणि मग स्लाइडवर घाला. एचआरपीवर तेच दोन्ही ग्लायकन आहेत, ते या अँटिबॉडींना अडवून धरतं. हे फक्त फ्लुरोसन्समध्येच. ब्रोमेलेनवरही ती शर्करा आहे, पण ते प्रोटिएज आहे, अँटिबॉडीच कापून काढेल. अरॅबिडॉप्सिसवर काम असेल तर सीजीएल-१ म्यूटंट उत्तम, त्यात झायलोज-फ्युकोजवाले ग्लायकन तयारच होत नाहीत.

## टप्पा ७: सिग्नल खरंच त्या प्रथिनाचा आहे का

इथपर्यंत सगळं स्वच्छ आलं तरी अँटिबॉडी शेजारच्या प्रथिनाला ओळखत असू शकते. निकाल म्यूटंटच देतो. टी-डीएनए लाइन (बाहेरचा डीएनए घुसवून जनुक मोडलेली) वापरताना दोन गोष्टी बघा: आरएनए खरंच नाही ना, आणि इन्सर्शन तुमच्या पेप्टाइडच्या जागेनंतर तर नाही ना. नंतर असेल तर अर्धवट प्रथिन बनत राहतं आणि अँटिबॉडी त्याला प्रामाणिकपणे ओळखते.

मूग, वाल, तिवर यांत म्यूटंट सहसा मिळत नाही. तेव्हा ज्या ऊतीत किंवा वयात त्या जनुकाचं आरएनए नाही ती ऊती नकारात्मक कंट्रोल म्हणून घ्या. शिवाय त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या टोकाविरुद्धची दुसरी अँटिबॉडी लावा. दोघींचं चित्र जुळलं तर बोला.

पेप्टाइड स्पर्धेवर फार भरवसा ठेवला जातो. पेप्टाइड घातल्यावर सिग्नल गेला याचा अर्थ इतकाच की अँटिबॉडी आपल्या पकडीच्या जागेनेच चिकटली होती. तीच जागा चुकीच्या प्रथिनाला धरत असली तरी पेप्टाइडने सिग्नल जातोच.

वेस्टर्न त्याच ऊतीच्या अर्कावर करा. पानात विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्याच्या आसपास रुबिस्को असतं. त्याचं मोठं उपएकक सुमारे ५५ किलोडाल्टनवर, छोटं १५च्या जवळ. तुमची पट्टी ५० ते ५५ वर आली तर मुळाचा अर्क शेजारी चालवा, मुळात रुबिस्को जवळपास नसतं. आणि एकच नेटकी पट्टी आली तरी हुरळून जाऊ नका. वेस्टर्नमध्ये प्रथिन उलगडलेलं असतं, स्लाइडवर फिक्स झालेलं. दोन ठिकाणी वेगळे एपिटोप उघडे पडतात.

भित्तिकेच्या मोनोक्लोनल अँटिबॉडींची अडचण उलटी असते. जेआयएम-७ ही रॅट आयजीए आहे, एलएम-१९ रॅट आयजीएम. नुसत्या गॅमा साखळीला, म्हणजे फक्त आयजीजीला, ओळखणारी सेकंडरी लावली तर काहीच दिसत नाही आणि पेक्टिन नाही असा निष्कर्ष निघतो. एच+एल (जड आणि हलकी दोन्ही साखळ्या ओळखणारी) किंवा योग्य आयसोटाइपची सेकंडरी घ्या. कॅल्शियमवर अवलंबून असलेल्या २एफ४ या पेक्टिनच्या अँटिबॉडीसाठी पीबीएस नको, फॉस्फेट कॅल्शियम खाऊन टाकतं. ट्रिस-कॅल्शियम-सोडियम क्लोराइड बफर वापरा.

## टप्पा ८: उपाय, कारण कळल्यावर

कारण सीरममधल्या नको असलेल्या अँटिबॉडी असतील तर दोन मार्ग चालतात.

ॲसिटोन पावडरवर शोषण. म्यूटंटची, नसेल तर प्रथिन नसलेली ऊती, ५ ग्रॅम. द्रव नायट्रोजनमध्ये दळा. उणे २० अंशांच्या ॲसिटोनचे ४ भाग घाला, ३० मिनिटं बर्फावर, फिरवा, ॲसिटोन ओता. पावडर पांढरी होईपर्यंत पुन्हा करा. फिल्टर पेपरवर वाळवा, बारीक करा, सिलिका जेलसोबत बंद डबीत ठेवा. दमट हवेत ही पावडर तासाभरात ओल धरते. वापरताना डायल्युट केलेल्या अँटिबॉडीत १ टक्का पावडर, ४ अंशांवर २ तास ते रात्रभर, मग १०,००० जी-वर १० मिनिटं. वरचं द्रावण त्याच दिवशी वापरा.

वाइल्ड टाइपची पावडर चुकूनही घेऊ नका. हवी ती अँटिबॉडीही तिच्यातच जाईल.

पट्टीवरून ॲफिनिटी-शुद्धी. शुद्ध केलेलं रिकॉम्बिनंट प्रथिन जेलवर चालवा, नायट्रोसेल्युलोजवर घ्या, पॉन्सोने रंगवून फक्त तीच पट्टी कापा. ब्लॉक करा, सीरम १:१० करून रात्रभर फिरवा, पाच वॉश. मग ०.१ मोलर ग्लायसिन, पीएच २.५, यात २ मिनिटं हलवा आणि लगेच १ मोलर ट्रिस पीएच ८.० घालून उदासीन करा. आधीच ट्रिस भरलेल्या नळीत काढणं बरं, आम्लात अँटिबॉडी मिनिटांच्या हिशेबाने खराब होते. शेवटी १ टक्का बीएसए घाला, नाहीतर इतकी पातळ अँटिबॉडी नळीच्या भिंतीलाच चिकटते.

यानंतरच डायल्युशन ठरवा: १:५०, १:२००, १:८००, १:३२००, प्रत्येकाशेजारी तेवढ्याच आयजीजीची प्री-इम्यून स्लाइड. सगळ्यात तेजस्वी स्लाइड निवडू नका. प्रायमरी आणि प्री-इम्यून यांतला फरक जिथे जास्तीत जास्त आहे ते डायल्युशन निवडा, भले ते फिकं दिसो.

## टप्पा ९: फोटो आणि साठवण

एक्स्पोजर आणि गेन पाचव्या स्लाइडवर ठरवा आणि सहाही स्लाइडना तेच ठेवा. ऑटो-कॉन्ट्रास्ट बंद. तो चालू असेल तर काळी कंट्रोल स्लाइडही उजळ दिसते.

अँटिबॉडी आल्या दिवशी १० ते २० मायक्रोलिटरच्या भागांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर नको, तो आतलं तापमान वर-खाली करत राहतो. ०.०२ टक्के अझाइड फ्लुरोसन्ससाठी चालेल. पॉलिक्लोनलचा लॉट नंबर वहीत लिहा. नवा लॉट म्हणजे बहुधा नवा ससा, म्हणून जुन्या लॉटचा एक भाग राखून ठेवा आणि नवी व्हायल आल्यावर दोन्ही लॉट, त्याच ऊतीच्या स्लाइडवर, टप्पा ५पासून पुन्हा शेजारीशेजारी चालवा.